वैजयंती विरुद्ध वैजयंती

वैजयंती परुळेकर आयुष्यात खोटं फारसं बोलल्या नव्हत्या. लिहिलं मात्र पोटभर होतं.

बोलण्यात त्यांचा धाक होता तो खरेपणाचाच. सीवूड्सला त्यांच्या सोसायटीत कुणाकडे सत्यनारायण झाला आणि प्रसादाची वाटी हातात पडली, की बाकीच्या बायका “छान झालाय हं शिरा” म्हणायच्या आणि वैजयंतीबाई म्हणायच्या, “रवा अजून थोडा भाजायला हवा होता.” त्यात खवचटपणा नसे. विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. भाचीला बघायला पाहुणे आले, तेव्हा सख्ख्या बहिणीने त्यांना आमसुलं आणायच्या निमित्ताने जे खाली पिटाळलं, ते पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत वर येऊ दिलं नाही.

पण हीच बाई प्रेसनोट लिहायला बसली की तिचा हात सैल सुटे. एकोणतीस वर्षं त्यांनी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या निरनिराळ्या कंपन्यांच्या जनसंपर्क खात्यांत काढली होती, आणि आता घरबसल्या लहानसहान धंदेवाल्यांसाठी वर्तमानपत्रांना बातम्या लिहून द्यायच्या. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये गार पाण्याचं यंत्र बसलं, तर त्याचीही त्यांनी बातमी केली होती : ‘शीतजल सुविधेला कामगारांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.’

“अगं, तहान लागली म्हणून प्यायले ते,” नवरा म्हणाला होता.

“कुणी जबरदस्ती केली होती का? नाही ना? मग उत्स्फूर्तच.”

हा नवरा म्हणजे नंदकिशोर परुळेकर. महाप्याच्या एका सुगंधी द्रव्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षं वास तपासायच्या विभागात होता. साबणात जाणारा गुलाब, उदबत्तीत जाणारा केवडा, सगळं आधी त्याच्या नाकाखालून जायचं. निवृत्त झाला तरी नाक कामावरच होतं. खालच्या मजल्यावर कुणी आंबेमोहोर लावलाय की बासमती, हे तो पेपरातून डोकं वर न काढता सांगायचा.

वैजयंतीबाईंचा दुसरा संसार होता खाडीकाठ जनसंपर्क संघ. नवी मुंबईतल्या प्रेसनोट लिहिणाऱ्या, मालकांची भाषणं लिहिणाऱ्या आणि पत्रकारांना फोन करकरून भंडावणाऱ्या साठेक लोकांनी मिळून तो काढलेला. वकिलाला सनद असते, डॉक्टरची नोंदणी असते, रिक्षावाल्यालाही बिल्ला लागतो. प्रेसनोट लिहिणाऱ्याला काय लागतं? लॅपटॉप. त्याच्यावर लक्ष ठेवायला ना कुठला कायदा, ना कुठलं मंडळ. तेव्हा आपल्या कानाला आपणच धरावं म्हणून संघाने अकरा पानांची आचारसंहिता केली होती. त्यातली सहा पानं वैजयंतीबाईंच्या हातची. आचार समितीच्या अध्यक्षही त्याच. सहा वर्षांत समितीपुढे एकही तक्रार आली नव्हती. दर वार्षिक सभेत त्या उभ्या राहून “प्राप्त तक्रारी : शून्य” असं वाचत, आणि सभासद टाळ्या वाजवत. पहिल्या दोन वर्षी त्यांनाही बरं वाटलं. तिसऱ्या वर्षापासून त्या टाळ्या त्यांना खटकायला लागल्या. साठ जणांच्या वर्गात एकही मूल वर्षभर खोडी करत नाही, म्हणजे एक तर वर्ग रिकामा असतो किंवा बाई झोपलेल्या असतात.

अशात गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर हिरामण तांडेल त्यांच्याकडे आला.

हिरामण करावे गावचा. पूर्वी घरात मासेमारी, आता चार गाळे भाड्याने दिलेले आणि दोन टेम्पो. पण त्याची आई पुतळाबाय अजून अंगणात जवळा वाळवायची, आणि तिच्या सुकटीचं नाव पार बेलापूरपर्यंत होतं. हिरामणने पाकिटातली हवा खेचून ते बंद करणारं यंत्र आणलं होतं, आणि त्या सुकटीची चकचकीत निळी पाकिटं केली होती. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : ‘बिनवासी’.

“मॅडम, वास येतच नाय,” तो म्हणाला. “टावरमदी रानारी मानसं आमची सुकट खायाला बगतात, पन शेजाऱ्याला भितात. आता भ्यायाचं काम नाय. तुमी नाक लावून बगा.”

वैजयंतीबाईंनी पाकीट नाकाशी धरलं. खरंच वास नव्हता. त्यांनी ते नंदकिशोरपुढे धरलं. त्यानेही हुंगलं आणि म्हणाला, “प्लास्टिक चांगलं आहे.” या वाक्याचा अर्थ बाईंनी तेव्हाच नीट लावला असता, तर पुढचं रामायण टळलं असतं. पण त्यांच्या डोक्यात मथळा तयार झाला होता आणि बोटं शिवशिवत होती.

संध्याकाळपर्यंत प्रेसनोट गेली. ‘करावेच्या सुपुत्राची किमया : सुकटीला वासापासून मुक्ती.’ खाली मजकूर होता : ‘भाजा, परता वा तळा, शेजाऱ्यांना पत्ताही लागणार नाही. परिसरातील असंख्य गृहिणींनी प्रत्यक्ष चाचणी घेऊन तसा निर्वाळा दिला आहे.’ तीन स्थानिक साप्ताहिकांनी ती जशीच्या तशी छापली. एकाने तर हिरामणचा फोटोही टाकला, गॉगलसकट.

आता वैजयंतीबाईंच्या सोसायटीत सुकटीचा प्रश्न जुना होता. सचिव ज्योतिबा पिसाळ साताऱ्याकडचे, एसटीतून निवृत्त झालेले. मटणाला त्यांची हरकत नव्हती, कोंबडीला नव्हती, पण सुकट भाजली की त्यांचं डोकं भणभणायचं. बऱ्याच भांडणांनंतर तडजोड झाली होती : सुकट फक्त रविवारी, अकरा ते एक, खाडीकडची खिडकी उघडी ठेवून. पिसाळ त्या वेळात बायकोला घेऊन वाशीला जाऊन बसत. साप्ताहिक ते पहिल्या पानापासून छापखान्याच्या पत्त्यापर्यंत वाचत. बिनवासी सुकटीची बातमी वाचून त्यांना धन्य वाटलं, आणि त्यांनी मोठ्या मनाने फलकावर सूचना लावली : ‘बिनवासी सुकट कोणत्याही वारी, कोणत्याही वेळी चालेल. आदेशावरून.’

पुढच्याच शनिवारी सकाळी साडेदहाला वैजयंतीबाईंनी हिरामणने भेट दिलेलं पाकीट फोडलं आणि सुकट तव्यावर टाकली.

नंदकिशोर दाढी करत होता. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून तो बाहेर आला.

“नऊ घरांत सुकट भाजली जातेय,” तो म्हणाला.

“नऊच कशावरून?”

“आठ मंद आचेवर आहेत. एक करपतेय. ती आपली.”

बाईंनी गॅस बंद केला, पण आता गॅस बंद करून काय होणार होतं? नऊ तव्यांवरचा वास जिन्यात एकत्र आला, वर गेला, गच्चीचं दार बंद होतं म्हणून पुन्हा खाली आला. लिफ्टमध्ये तर तो असा ठाण मांडून बसला की रिकाम्या लिफ्टमध्येही कुणीतरी आहेसं वाटून लोक दाराशी थांबत. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला एक कुटुंब आलं होतं. त्यांनी स्वयंपाकघर काही पाहिलं नाही. फाटकापाशी मांजरं जमली. वॉचमनने सतरा मोजली. तो म्हणाला की ती भांडत नव्हती, रांगेत बसली होती, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

अकरा वाजता बेल वाजली. दारात पिसाळ. नाकाला रुमाल, हातात कात्रण.

“परुळेकर वहिनी, हे तुम्हीच लिवलंय न्हवं?”

“हो.”

“मग ह्यो वास कशाचा?”

“सुकटीचा.”

“हितं छापलंय, असंख्य गृहिणींनी चाचणी घेतली. मला फक्त एवढंच सांगा, कुठल्या गृहिणी? एकीचं नाव सांगा, मी जाऊन पाया पडतो.”

विचारलेल्या प्रश्नाला उत्तर नाही, असं त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. गृहिणी एकही नव्हती. ते वाक्य त्यांच्या बोटांतून आपोआप उतरलं होतं, जसं पत्राच्या शेवटी ‘कळावे’ उतरतं.

पिसाळ गेले. बाई सोफ्यावर बसून राहिल्या. मग त्यांनी कपाटातून आचारसंहिता काढली. कलम चार : ‘स्वतः पडताळून न पाहिलेला कोणताही दावा सभासद प्रसिद्धीस देणार नाही.’ हे कलम त्यांनीच लिहिलं होतं. त्यात ‘स्वतः’ हा शब्द घालण्यासाठी त्या संघाच्या सभेत पाऊण तास भांडल्या होत्या.

“तक्रार व्हायला हवी,” त्या म्हणाल्या.

“कुणावर?” नंदकिशोरने विचारलं.

“माझ्यावर.”

त्या आधी पिसाळांकडे गेल्या आणि तक्रारीचा कोरा अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. पिसाळांनी हात मागे घेतले. “छ्या छ्या, वहिनी. लॉकडाऊनमधी तुम्ही आम्हाला सोळा दिवस डबा दिलाय. मी तुमच्यावर तक्रार करू? त्यापेक्षा मी महिनाभर रुमाल लावून फिरीन.” मग बाईंनी हिरामणला फोन केला. तो खुशीत होता. “तक्रार कसली, मॅडम? माल संपला. आय रातीचा दिवस करून सुकवते हाय.” फसवला गेलेला माणूस तक्रार करायला तयार नाही आणि ज्याच्यासाठी फसवलं तो तर खूशच, अशी ती गत होती. आता उरलं कोण?

त्याच दुपारी त्यांनी अर्ज भरला. तक्रारदाराचे नाव : वैजयंती नंदकिशोर परुळेकर. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचे नाव : वैजयंती नंदकिशोर परुळेकर. ‘उभयतांत नाते असल्यास नमूद करावे’ या रकान्यापाशी त्या जरा अडल्या आणि मग लिहिलं : ‘स्वतः.’

नियमाप्रमाणे तक्रार समितीच्या अध्यक्षांकडे पोस्टाने जायला हवी होती. अध्यक्ष त्याच असल्या म्हणून नियम थोडाच बदलतो? त्या सीवूड्सच्या पोस्टात गेल्या आणि स्पीड पोस्टाने पाकीट स्वतःच्या पत्त्यावर धाडलं. दोन दिवसांनी पोस्टमन आला. त्याने पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, घेणाऱ्याचं वाचलं, बाईंकडे पाहिलं.

“मॅडम, घरातल्या घरात?”

“सही कुठे करू?” बाई म्हणाल्या.

सही करून त्यांनी दार लावलं, चष्मा लावला, पाकीट फोडलं आणि संपूर्ण तक्रार पहिल्यांदाच वाचत असल्यासारखी वाचली. वाचून झाल्यावर त्या नंदकिशोरला म्हणाल्या, “गंभीर आहे.”

आपल्याच प्रकरणात आपण अध्यक्ष राहणं बरोबर नाही म्हणून त्या बाजूला झाल्या आणि समितीतल्या उरलेल्या दोघांवर भार आला. एक स्वानंद देवधर, अडतिशीचा, कोचिंग क्लासेसच्या एका साखळीची प्रसिद्धी बघणारा. दुसरी राजेश्वरी मोकल, एका बिल्डरकडे होती. दोघांनाही तक्रार वाचून घाम फुटला. बाईंचं काय होईल, या काळजीने नव्हे. स्वानंदच्या क्लासचा निकाल गेली सात वर्षं शंभर टक्के लागत होता, कारण नापास होतील असं वाटणाऱ्यांना जानेवारीतच प्रेमाने दुसऱ्या क्लासात धाडलं जायचं. आणि राजेश्वरीने तर तळवलीजवळच्या एका इमारतीच्या बातमीत ‘निसर्गाच्या कुशीत’ असं लिहिलं होतं. तिथे निसर्ग म्हणून एक पिंपळ होता, तोही भिंतीतून उगवलेला. एकदा का चौकशी करायची सवय लागली, तर ती कुठे थांबणार?

“ताई, मागे घ्या ना,” राजेश्वरी फोनवर म्हणाली. “उगाच कशाला टेन्शन?”

“कोणाशी बोलतेयस? तक्रारदाराशी की जिच्यावर तक्रार आहे तिच्याशी?”

“दोघींशी.”

“दोघींचा नकार आहे.”

सुनावणी एका बुधवारी महाप्याला, स्वानंदच्या ऑफिसच्या सहाव्या मजल्यावरच्या मीटिंगरूममध्ये ठरली. बाई खादी सिल्क नेसून, हातात फाइल आणि कापडी पिशवी घेऊन वेळेआधी दहा मिनिटं हजर झाल्या. नंदकिशोर सोबत होता. हिरामणलाही साक्षीसाठी बोलावलं होतं. तो आला तो हातात एक भलाथोरला खोका घेऊनच.

पहिला पेच बसायचा झाला. स्वानंदने टेबलाच्या एका बाजूला तक्रारदाराची खुर्ची ठेवली होती आणि समोर दुसऱ्या पक्षाची. बाई आधी डावीकडे बसल्या आणि त्यांनी तक्रार वाचून दाखवली. मग उठल्या, टेबलाला वळसा घालून उजवीकडे बसल्या आणि म्हणाल्या, “आरोप मला मान्य आहे.”

“मग प्रश्नच मिटला,” स्वानंद घाईघाईने म्हणाला. “कबुली आली. दोन्ही पक्षांनी सामोपचाराने घ्यावं, असं समिती सुचवते.”

बाई उठून डावीकडे गेल्या. “तक्रारदाराला पुरावा सादर करायचा आहे. नुसत्या कबुलीवर निर्णय दिला तर उद्या कुणीही उठेल आणि काहीही कबूल करेल.”

“ताई, तुम्ही आधी एका जागी बसा,” राजेश्वरी म्हणाली. “मला गरगरायला लागलंय.”

पुरावा पिशवीत होता. बाईंनी विजेवरची शेगडी काढली, छोटा तवा काढला आणि हिरामणच्या खोक्यातलं एक पाकीट घेतलं. स्वानंदने बंद पाकीट हुंगलं. “वास नाही,” तो आशेने म्हणाला. बाईंनी पाकीट फोडलं. स्वानंद खुर्चीसकट मागे सरकला. सुकट तव्यावर पडली, चरचरली, आणि धुराची एक सरळ रेघ छताकडे निघाली.

छतावर काय आहे हे कुणी पाहिलंच नव्हतं. तिथे धूर ओळखणारी पांढरी डबी होती. तिने तो ओळखला.

घंटा अशी काही घणघणली की हिरामणने खोका छातीशी कवटाळला. भिंतीतून रेकॉर्ड केलेल्या बाईचा आवाज इंग्रजीत सगळ्यांना शांतपणे बाहेर पडायला सांगू लागला. सातही मजल्यांवरची कॉम्प्युटरवाली मंडळी गळ्यात ओळखपत्रं घालून जिन्याने खाली उतरली आणि पार्किंगमध्ये ‘आगीच्या वेळी इथे जमा’ अशा फलकाखाली उभी राहिली. चारशे तरी माणसं असतील. त्यांच्यामागून समिती उतरली. सगळ्यांत शेवटी वैजयंतीबाई, हातात झाकलेला तवा. पुरावा वर टाकून येणं त्यांना पटलं नव्हतं.

“सुनावणी चालू आहे,” त्या एका मोटरसायकलला टेकून म्हणाल्या. “तज्ज्ञ साक्षीदार.”

नंदकिशोर पुढे झाला. राजेश्वरीने हरकत घेतली. “हे तर तक्रारदाराचे मिस्टर आहेत.”

“दुसऱ्या पक्षाचाही मीच मिस्टर आहे,” नंदकिशोर म्हणाला. “माझ्याइतका निःपक्षपाती माणूस तुम्हाला मिळायचा नाही.” त्याने तव्यावरचं झाकण काढलं, डोळे मिटले, आणि अत्तर तपासताना घ्यायचा तसा छोटा श्वास घेतला. “वास आहे. पहिल्यांदा खाडीचा, मग उन्हाचा, मागाहून थोडा गोडसर. तीस फुटांपर्यंत स्पष्ट कळेल. आणि वास चांगला आहे.”

“काका,” स्वानंद म्हणाला, “‘चांगला’ हा तुमचा दावा झाला. पडताळणी?”

हे आपण बोललो याचं स्वानंदला स्वतःलाच नवल वाटलं. नंदकिशोरने मागे बोट केलं. ओळखपत्रवाल्या गर्दीतली पाच-सहा मुलंमुली तव्याच्या दिशेने हळूहळू सरकत आली होती. त्यांच्यातली एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, “मॅडम, सुकट ना? आमच्या गुहागरला आजी करते. दोन वर्षं झाली, पीजीमध्ये भाजता येत नाही.” तिच्यामागच्या मुलाने विचारलं की भाकरी आहे का. बाकीचे निम्मे लोक नाकाला रुमाल लावून प्रवेशद्वारापर्यंत मागे हटले होते. नंदकिशोरने पावलं टाकून अंतर मोजलं आणि मान्य केलं की आपला तीस फुटांचा अंदाज फार कमी निघाला.

आग नाही, हे पाहून सुरक्षा अधिकारी खाली आला. “कोणी भाजत होतं?” त्याने विचारलं.

“मी,” वैजयंतीबाई म्हणाल्या. “तुमच्या नियमपुस्तिकेत तक्रारीचा अर्ज असेल ना? द्या, भरून देते.”

तो अधिकारी पुन्हा असं करू नका म्हणून निघून गेला. बाईंना वाईट वाटलं.

निर्णय तिथेच पार्किंगमध्ये झाला. कलम चारचा भंग झाला आहे. सभासदाला लेखी समज द्यावी, आणि जिथे बातमी छापून आली तिथेच खुलासा छापून आणावा. समजेचं पत्र राजेश्वरीने लिहिलं. ‘आपली प्रदीर्घ, उज्ज्वल व प्रेरणादायी कारकीर्द पाहता’ अशी सुरुवात होती. दुसऱ्या दिवशी ते पत्र लाल शाईने भरून परत आलं. खाली बाईंचा शेरा होता : ‘समजपत्रात स्तुती नको. पुन्हा लिहावे.’ तिसऱ्या खेपेला कुठे पत्र तीन ओळींवर आलं आणि बाईंनी ते स्वीकारलं.

खुलासा लिहायला मात्र त्यांना चार दिवस लागले. सवयीने बोटांतून ‘प्रांजळपणे’ यायचं, ते खोडावं तर ‘विनम्रपणे’ हजर. शेवटी जे छापून आलं ते असं : ‘करावे येथील सुकटीला वास येत नाही, असे मी लिहिले होते. ते खोटे आहे. बंद पाकिटाला वास येत नाही. उघडून भाजल्यास येतो. माझ्या सोसायटीत तो सातव्या मजल्यापर्यंत आला. कोणत्याही गृहिणीने चाचणी घेतली नव्हती. वैजयंती परुळेकर.’

पिसाळांनी सोसायटीच्या फलकावरची सूचना काढली आणि तिथे तो खुलासा चिकटवला. रविवारी अकरा ते एकची वेळ पुन्हा सुरू झाली.

हिरामण तिसऱ्या दिवशी तणतणत आला. “मॅडम, तुमी माजी बाजू मांडनार की शेजाऱ्याची? धंदा बुडवाल ना माजा.” बाई म्हणाल्या की चूक माझी आहे, पाकिटावरचं नाव बदलायला हवं हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. तो आणखी काही बोलणार, तोच त्याच्यामागून त्याची आई पुढे आली. पुतळाबाय सत्तरीची, अंगाने काटक, नाकात मोठी नथ. ती दारातच उभी राहिली आणि वैजयंतीबाईंकडे वरून खाली पाहून म्हणाली, “सुकटीला वास येतो असं पेपरमदी तूच लिवलंस?”

“हो, आई. मीच.”

“बेस केलंस.” मग ती लेकाकडे वळली. “याला मी पयल्या दिशीच बोल्ले, वास नाय ती सुकट कसली रं? ती तं भुस्सा. चाळीस वर्सं मी अंगन झाडून, ऊन बगून, कावले हाकून सुकवते, आनि या निल्या पाकिटावर लिवलंय बिनवासी. वरून माजा फोटू. गावातल्या बाया मला इचारतात, पुतलाबाय, तुजी सुकट बिगडली काय गं?”

हिरामण चपलेच्या अंगठ्याकडे बघत उभा राहिला.

“आत या, चहा घ्या,” वैजयंतीबाई म्हणाल्या. पुतळाबाय आत येऊन सोफ्यावर ऐसपैस बसली, चहा प्यायली, आणि चहा कसा झालाय असं बाईंनी विचारल्यावर म्हणाली, “पानी जास्ती हाय.” वैजयंतीबाईंना ती तिथल्या तिथे आवडली.

नवी पाकिटं आली तेव्हा त्यांच्यावर लिहिलं होतं : ‘पुतळाबायची सुकट. वास येतो.’ महाप्याच्या त्या इमारतीतल्या मुलामुलींनी मिळून दर महिन्याला मागवायला सुरुवात केली. भाजायचे कुठे कोण जाणे.

संघाच्या वार्षिक सभेत बाईंनी “प्राप्त तक्रारी : एक” असं वाचलं. या वेळी टाळ्या झाल्या नाहीत. लोक एकमेकांकडे बघत होते. पण त्यानंतर आठवड्यातून दोन-तीनदा त्यांचा फोन वाजू लागला. एकदा स्वानंदने विचारलं, “ताई, ‘जवळजवळ सगळे’ पास झाले असं लिहिलं तर चालेल का?” बाई म्हणाल्या, “किती बसले, किती पास झाले, ते लिही.” मग तो म्हणाला, “बघतो.” त्याच्या क्लासची त्या वर्षीची बातमी आलीच नाही, आणि बाईंच्या मते हीसुद्धा प्रगतीच होती.

या मेमध्ये हिरामणची लेक उन्नती बारावी झाली. निकालाच्या संध्याकाळी हिरामणचा फोन आला. करावे गावच्या नाक्यावर फलक लावायचा, फोटो तयार आहेत, मजकूर तेवढा मॅडमनी द्यावा. “घवघवीत यश घाला, मॅडम. सगले तेच घालतात.”

“किती टक्के?”

“चोपन.”

“मग घवघवीत नाही म्हणता येणार, हिरामणभाऊ.”

फोन पुतळाबायने काढून घेतला. “तू बोल, बाय, काय लिवायचं.”

बाईंनी विचार केला आणि सांगितलं. चौथ्या दिवशी त्या आणि नंदकिशोर मुद्दाम करावेपर्यंत चालत गेले. नाक्यावर वीस फुटी फलक होता. गावातल्या सगळ्या भाऊ-दादांचे फोटो खालच्या रांगेत होते, मधोमध उन्नती, आणि वर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं : ‘उन्नती हिरामण तांडेल बारावी पास झाली. चोपन्न टक्के. अकाउंट्सचा पेपर अवघड होता. घरच्यांना आनंद झाला आहे.’

फलकाखाली उन्नती स्कूटरवर बसून मैत्रिणीची वाट पाहत होती. बाईंना पाहून ती उतरली.

“राग नाही ना आला?” वैजयंतीबाईंनी विचारलं.

“नाय ओ काकी,” ती म्हणाली. “घवघवीत लिवलं असतं तं कॉलेजमदी पोरी हसल्या असत्या. आता काय हसतील? सगलं हितंच हाय.” मग तिने विचारलं, “फक्त तो फोटू बदलता येईल का? त्यात माजा रंग लय गोरा केलाय.”

वैजयंतीबाईंनी मान वर करून फोटो पाहिला, मग उन्नतीकडे पाहिलं, आणि पर्समधून पेन काढत म्हणाल्या, “छापणाऱ्याचा नंबर दे.”